हवेतलं अंतर, जमिनीवरचा हिशेब

छत्रपती संभाजीनगर ते मुंबई हवाई अंतर सुमारे 280 किलोमीटर. तिकिटावर वेळ साधारण तासाभराची. कागदावर सगळं कसं चोख!

जिल्ह्यातल्या कन्नडच्या प्रवाशाचा हिशेब मात्र चिकलठाण्याच्या विमानतळापासून नव्हे, घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो. साठ-सत्तर किलोमीटर गाडी हाकायची, विमानतळ शहराच्या पूर्वेला म्हणून अख्खं शहर ओलांडायचं. जुन्या रस्त्याने निघालेला तर दौलताबादच्या दरवाजात हमखास अडकतो. शत्रूची फौज अडवायला बांधलेली ती वेस आजही इमानेइतबारे काम करते. फक्त आता तिथे उसाचा ट्रॅक्टर आणि वेरूळची ट्रॅव्हल्स समोरासमोर उभ्या असतात, आणि मागे कुणी ना कुणी हॉर्नवर हात ठेवून बसलेला असतो.

गंमत पुढेच आहे. नकाशावर पट्टी ठेवून पाहावं. कन्नडहून मुंबई सरळ रेषेत जवळपास 270 किलोमीटर. म्हणजे दीड तास गाडी पळवून, पेट्रोल जाळून चिकलठाण्याला पोचलेला माणूस मुंबईच्या जवळ आलेला नसतोच, उलट आठ-दहा किलोमीटर लांब गेलेला असतो. तिथे दोन तास आधी हजर राहायचं ते वेगळंच.

आणि तो तिकिटावरचा तास? तोही निव्वळ उडण्याचा नाही. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, मुंबईत ठरल्या जागी उभं राहिलं की बंद. मधल्या घिरट्या धरूनच वेळ छापतात, त्यामुळे विमान कधी ‘वेळेआधी’ उतरतं आणि कंपनीचं कौतुक होतं. पुढे अंधेरीचं ट्रॅफिक. ते कुठल्याच तिकिटावर छापत नाहीत.