फळ पाहुण्याला, पाला शुगरवाल्याला

सीताफळाचा हंगाम आला की दौलताबादच्या किल्ल्यासमोर टोपल्या मांडल्या जातात. वेरूळला निघालेल्या गाड्या थांबतात, डोळे उघडलेली फळं दाबून पाहिली जातात, भावावरून हुज्जत होते. हल्ली या गिऱ्हाइकांत एक नवी जात दिसते. हे लोक फळाला हात लावत नाहीत. लावतील कसे, शुगर आहे! त्यांना हवा असतो पाला.

असेच एक निवृत्त साहेब गेल्या हंगामात टोपलीत फळांखाली अंथरलेला पाला मागत होते. विकणाऱ्या मावशींना वाटलं, घरी शेळी असेल. म्हणाल्या, "साहेब, शेळी तोंड लावत नाही ह्याला." खरंच आहे. बांधावर सीताफळ लावतात ते त्यासाठीच. जनावर फिरकत नाही, राखण लागत नाही. साहेब म्हणाले, "शेळीला नाही, मलाच हवाय. उकळून प्यायचाय, अनशापोटी." मावशींनी साहेबांना एकदा नीट न्याहाळलं आणि ओंजळभर पाला फुकट दिला. घोटाळा झाला तो इथेच. फुकटच्या औषधाला गुण नसतो, हे साहेबांना नोकरीत असल्यापासून ठाऊक. त्यांनी तो पाला डिकीत टाकला आणि शहरात जाऊन तसलाच पाला वाळवून, कुटून, हिरव्या डबीत भरलेला तीनशे रुपयांना घेतला. डबीवर जटाधारी ऋषींचं चित्र होतं. शंकेला जागाच उरली नाही.

डबीत सीताफळाच्या जोडीला पेरूचा पालाही होता. या ऋषींना पेरू कुठे भेटला असेल? याच दौलताबादच्या, म्हणजे जुन्या देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहून गेला. तेरावं शतक. तेव्हा पेरू अमेरिकेत होता आणि तो इकडे आणणाऱ्या पोर्तुगीजांची जहाजं निघायला अजून दोनशे वर्षं होती. सीताफळही तिकडचंच; ते आपल्याकडे कुणाला पटत नाही, हा भाग वेगळा.

बरं, पाल्यात काहीच नसतं असंही नाही. सीताफळाच्या पाल्याचा अर्क पाजून प्रयोगशाळेतल्या उंदरांची साखर उतरली आहे. उंदरांचं अभिनंदन. माणसांवर मोठे प्रयोग व्हायचे आहेत, म्हणून ते सध्या आपण घरोघरी करतो. जपानात पेरूच्या पानांचा चहा सरकारमान्य आरोग्यपेय म्हणून विकला जातो. पण जेवणाबरोबर घ्यायचं पेय म्हणून, गोळी बंद करून प्यायचं औषध म्हणून नव्हे. आणि गंमत अशी, की साहेबांनी 'इंग्रजी औषध' म्हणून ज्या मेटफॉर्मिनच्या गोळीला रामराम ठोकला, तिचं मूळही एका झाडपाल्यातच आहे. युरोपातल्या गॅलेगा नावाच्या रोपट्यात साखर उतरवणारं द्रव्य सापडलं, पण ते विषारी निघालं. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या कुळातला सौम्य रेणू बनवला आणि १९५७ साली झाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टराने त्याचा मधुमेहींवरचा उपयोग जगापुढे मांडला. म्हणजे पाल्यातलं विष काढून, माप ठरवून, पाकिटावर तारीख छापून दिलं की आपण म्हणतो 'केमिकल'. विषासकट, मापाशिवाय उकळलं की म्हणतो 'नॅचरल'.

"पण साइड इफेक्ट नाही ना!" हे साहेबांचं ब्रह्मवाक्य. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारायला वापरतात आणि ती डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते, हे आजीला माहीत होतं. कॅरिबियनमधल्या ग्वाडलूप बेटावर सीताफळाच्या भावकीतल्या मामफळाचा पाला उकळून पिण्याची जुनी रीत. तिथे औषधांना दाद न देणारा, कंपवातासारखा आजार बराच दिसू लागला. त्याचा या फळाशी आणि पाल्याशी संबंध असावा, असा संशय फ्रेंच डॉक्टरांनी १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडला. पण ग्वाडलूप फार लांब आहे आणि तिथली बातमी फॅमिली ग्रुपवर येत नाही.

आपल्या दौलताबादच्या किल्ल्याची एक जुनी कथा आहे. अल्लाउद्दिन खिलजीच्या वेढ्यात धान्याची म्हणून गडावर चढवलेली पोती उघडली, तर आत मीठ. यादवांच्या राजाला, रामदेवरायाला, शरण जावं लागलं. साखर उतरवणाऱ्या चूर्णांच्या बाबतीत हे पुष्कळदा उलटं होतं. तपासणीत कितीदा तरी असं आढळलं आहे, की आत चक्क ॲलोपॅथीच्याच गोळ्या कुटून घातल्या होत्या. गिऱ्हाईक खूश: "आठ दिवसांत गुण!" येणारच. वर सुरू असलेली गोळीही घेत असेल तर साखर इतकी उतरते, की माणूस घामाघूम होऊन खाली बसतो.

मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून जाहिरातीत 'बरा' हा शब्द नसतो. तो विकणारा तोंडी सांगतो. आणि २०२३ सालच्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींवर मधुमेही, एवढं गिऱ्हाईक समोर असताना तो गप्प तरी कशाला बसेल?

तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली आणि काही वर्षांनी परत नेली. साहेबही दसऱ्याला गोळीवरून पाल्यावर आले आणि संक्रांतीला परत गोळीवर गेले. मधल्या प्रवासात पायाचा अंगठा काळा पडला आणि गोळीच्या सोबतीला इंजेक्शनही आलं.

आता खरोखर ऋषींनीच सांगितलेला उपाय हवा असेल, तर तो सुश्रुताने लिहून ठेवला आहे. निर्धन मधुमेह्याने पायात वहाण न घालता, डोक्यावर छत्री न धरता, भिक्षा मागत, एका गावात एकच रात्र राहत शंभर योजनं चालावं. नाहीतर विहीर खणावी. ही डबी बाजारात का येत नाही, कळत नाही. श्रावणातल्या शनिवारी लोक शहरातून खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जातात, तेव्हा उपाय चालतो असं म्हणायला हरकत नाही. पण तो मारुतीसाठी असतो, साखरेसाठी नव्हे. किल्ल्यालाही साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत. साहेबांनी त्या गाडीत बसून पाहिल्या.

विहिरीचा उपाय मात्र शासनाने मनावर घ्यावा. मराठवाड्यात पाणी कमी आणि शुगर जास्त. तालुक्यातल्या तमाम शुगरवाल्यांच्या हाती कुदळ-फावडं दिलं तर दोन्ही प्रश्न एका फटक्यात सुटतील. अडचण एकच: पाणी लागलं की पेढे वाटावे लागतात, आणि पहिला पेढा खणणाऱ्याला भरवायची पद्धत आहे.