बिनतारी फाइल आणि यंत्राचे ध्यान

मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोसेसर, स्मृती आणि बाह्य जोडण्या एकाच चिपमध्ये सामावलेला अल्पसंतुष्ट संगणक, वायफायवरून फाइल घेता घेता मध्येच का कोसळतो, या प्रश्नाचा अभ्यास त्याच्या मालकापासून सुरू करावा लागतो, कारण यंत्र बंद पडताच सर्वप्रथम उघडा पडतो तो मालकाचा अहंकार. छांदिष्टांच्या संशयाचा क्रम ठरलेला असतो: आधी राउटर, मग चिप, मग लायब्ररी लिहिणारा कुणी अज्ञात परदेशी इसम, आणि हे सारे निर्दोष सुटल्यास हवामान; स्वतःचा कोड तपासला जातो तो केवळ उपचार म्हणून. प्रस्तुत लेखक या नियमाला अपवाद असल्याचा कोणताही पुरावा उपलब्ध नाही.

अशा प्रयोगांत हमखास आढळणारी ईएसपी३२ ही चिप शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने २०१६ मध्ये बाजारात आणली, आणि ती कोसळताना सिरियल मॉनिटरवर, म्हणजे यंत्राचे बोलणे संगणकावर दाखवणाऱ्या खिडकीत, ‘गुरू मेडिटेशन एरर’ असे जाहीर करते. हिमालयाशी सुतराम संबंध नसलेल्या या घोषणेचे मूळ कॅलिफोर्नियात आहे, आणि तो वृत्तान्त विषयाला सोडून असला तरी गाळवत नाही. अमिगा या कंपनीने अटारीच्या खेळयंत्रासाठी जॉयबोर्ड नावाची फळी काढली होती, जिच्यावर उभे राहून अंग झुकवले की पडद्यावरचा बर्फावरील खेळाडू वळत असे. पुढे हीच मंडळी संगणक घडवू लागली, तो वारंवार कोलमडू लागला, आणि वैतागलेले प्रोग्रामर त्या फळीवर बसून ती तसूभरही हलू न देण्याचा सराव करीत डोके शांत करू लागले. १९८५ मध्ये कमोडोर कंपनीने त्यांचा अमिगा संगणक विक्रीस आणला, तेव्हा त्याच्या काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या लाल चौकटीत ‘गुरू मेडिटेशन’ हा संदेश उमटे आणि सोबत माउसचे डावे बटण दाबण्याची सूचना असे. मूळ योजनेत ध्यान माणसाने करायचे होते, ही बाब आजचा छांदिष्ट सोयीस्करपणे विसरतो. संदेश दिसताच तो रीसेटचे बटण दाबतो, आणि त्याखाली छापलेली बॅकट्रेस, म्हणजे कोसळतेवेळी प्रोग्राम कोणत्या फंक्शनांतून कुठवर पोचला होता याची पत्त्यांनिशी दिलेली जबानी, न वाचताच वर सरकून जाते.

ती जबानी वाचल्यास बहुधा स्मृतीचे नाव निघते. या चिपच्या ५२० किलोबाइट स्मृतीतला मोठा वाटा वायफाय स्वतःच अडवते, त्यामुळे मेगाबाइटभर छायाचित्र एका घासात गिळण्याचा आग्रह फसणारच. शिवाय उरलेली स्मृती तुकड्यातुकड्यांत विखुरली, की एसटीत पंधरा जागा रिकाम्या असूनही पाच जणांच्या कुटुंबाला सलग बाक मिळू नये तशी गत होते. फाइल छोट्या भागांत घेऊन, प्रत्येक भाग लगेच लिहून, तोच बफर, म्हणजे स्मृतीतली तात्पुरती साठवणजागा, पुन्हा वापरणे हा त्यावरचा उपाय. फ्लॅशवर, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीवर, लिहिणे चालू असताना फ्लॅशमधलाच कोड वाचता येत नाही, हे विसरलेली इंटरप्टची, म्हणजे चालू काम थांबवून मध्येच शिरणारी, कामेही घात करतात. पण त्यांची संख्या तुलनेने कमी.

खरा गुन्हेगार पुष्कळदा कोडच्या बाहेर सापडतो. दर खेपेस फाइलच्या त्याच टप्प्यावर यंत्र कोसळत असेल तर स्मृतीवर संशय घ्यावा, पण कधी सुरुवातीला, कधी शेवटाकडे, आणि राउटर लांब असताना अधिकच, अशी लहर दिसली तर नजर विजेकडे वळवावी. प्रक्षेपणाच्या क्षणी वायफाय सुमारे २४० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह ओढते. फोन चार्ज करण्यापुरती घेतलेली बारीक तारांची केबल त्या झटक्यात मान टाकते, बोर्डावरच्या सामान्य रेग्युलेटरला ३.३ व्होल्ट देण्यासाठी त्याहून व्होल्टभर अधिक लागतात ते मिळत नाहीत, आणि ‘ब्राउनआउट’ची, म्हणजे दाब घसरल्याची, नोंद करून चिप स्वतःला पुन्हा सुरू करते.

हे पुन्हा सुरू होणेच चिंतेचे आहे. वॉचडॉग नावाचा टायमर, कोडकडून ठरावीक वेळेत हजेरी न मिळाल्यास यंत्र रीसेट करणारा, सोय म्हणून दिलेला असतो, पण ‘रीस्टार्ट केल्यावर चालतं ना’ या समाधानाखाली बिघाड वर्षानुवर्षे झाकला जातो. विहिरीच्या पातळीची नोंद ठेवणारे यंत्र रात्री चारदा कोसळून चारदा उठले, तर दरवेळी रॅममधल्या, अजून साठवायच्या राहिलेल्या नोंदी पुसल्या जातात, आणि सकाळी आलेख पाहून पंप सुरू करायचा की नाही ते ठरवणाऱ्या शेतकऱ्याला ती पोकळी कुणी सांगत नाही. असे यंत्र अजिबात नसलेले बरे.

तेव्हा कोडला हात लावण्यापूर्वी केबल बदलावी, रीसेटचे कारण प्रत्येक वेळी नोंदवून ठेवावे, आणि ३.३ व्होल्टच्या पिनेलगत ४७० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, उलटसुलट न करता, लावून पाहावा. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो काही रुपयांत मिळतो.