पिशवीधारिणी

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबाच्या विरंगुळ्याचा इतिहास स्थळांच्या नावांवरून न लिहिता एका पिशवीवरून लिहिणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल, कारण स्थळे बदलत गेली तरी ती पिशवी आणि तिच्या बंदात अडकलेला आईचा हात या दोन गोष्टी कायम राहिल्या. या हाताच्या मालकिणीस येथे सोयीसाठी ‘पिशवीधारिणी’ म्हटले आहे. सहलीला निघालेल्या कुटुंबात बरोबर असूनही जी सहलीला गेलेली नसते ती पिशवीधारिणी, अशी तिची ढोबळ व्याख्या करता येते.

या जातीची पूर्वज म्हणजे आजी. तिच्या काळी घराबाहेर पडण्यास यात्रा आणि माहेरपण ही दोनच कारणे पुरेशी मानली जात. यात्रेसाठी ती दशम्या बांधून घेई. दशमी म्हणजे पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेली पोळी किंवा भाकरी. ती टिके, शिवाय दुधामुळे तिच्यापुरते सोवळ्याओवळ्याचे नियम सैल होत, आणि शास्त्रातील ही पळवाट आजीने जितकी चोख वापरली तितकी क्वचितच एखाद्या शास्त्रीबुवांनी वापरली असेल. माहेरपण म्हणजे सासुरवाशिणीने मुलांसह आईवडिलांच्या घरी घेतलेली हक्काची विश्रांती. या विश्रांतीचे अर्थशास्त्र मात्र चमत्कारिक होते: माहेरवाशीण ज्या घरी पाय पसरून बसे त्याच घरी तिची वहिनी पंक्ती वाढत असे, आणि ती वहिनी आपल्या माहेरी गेली की तिथली वहिनी कंबर खोचून उभी राही, म्हणजे एकूण श्रमांत काडीचीही घट न होता ते केवळ एसटीने या गावाहून त्या गावी जात असत. त्यातून उन्हाळा हा कुरडया-पापडांचा हंगाम असल्यामुळे पसरलेल्या पायांजवळ पोळपाट कधी येऊन बसला हे माहेरवाशिणीलाही कळत नसे.

पिशवीधारिणीचा खरा बहर मात्र पुढच्या पिढीतला, विशेषतः सरकारी आणि बँकेच्या नोकरदारांना मिळणाऱ्या रजा प्रवास सवलतीच्या आश्रयाने फुललेला. ही सवलत म्हणजे ठरावीक वर्षांतून एकदा कुटुंबाच्या प्रवासाचे भाडे कार्यालयाने देण्याची व्यवस्था. तीत भाडे मिळे, पुऱ्या मिळत नसत. त्या तिखटामिठाच्या पुऱ्या निघण्याच्या पहाटे तीन वाजता तळल्या जात आणि बटाट्याची सुकी भाजी, लिंबाचे लोणचे, घाटात हुंगण्यासाठी अख्खे लिंबू, लिमलेटच्या गोळ्या, ओवा, सेफ्टी पिना, सुईदोरा व फिरकीचा तांब्या यांच्यासह पिशवीत शिरत. फिरकीचा तांब्या म्हणजे आट्यांचे झाकण असलेला पितळी तांब्या. तो गळत नाही असा त्याचा लौकिक होता आणि तो गळतोच असा पिशवीतील टॉवेलाचा अनुभव होता. मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी बोरघाट चढण्यासाठी मागे जादा इंजिने जोडून घ्यायला कर्जतला थांबे, तेव्हा मुले वड्यांसाठी हट्ट धरीत, वडील उदार मनाने खाली उतरत आणि पिशवीधारिणी ‘घरचं असताना बाहेरचं कशाला’ हे आपले तत्त्वज्ञान मांडी, ज्याकडे सर्वजण आदराने दुर्लक्ष करीत. वडे आणल्याबद्दल वडिलांची वाहवा होई. उरलेल्या पुऱ्या ती स्वतः रात्री खाई.

एसटीतील तिची कामगिरी तर स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. पाच वर्षांखालील मुलास तिकीट नाही आणि पाच ते बारा या वयात अर्धे, हा नियम तिला पाठ असल्यामुळे तिची मुले वाहकासमोर काही वर्षे वाढतच नसत, आणि मधेच एखाद्या सत्यवादी अपत्याने ‘आई, मी दुसरीत आहे ना?’ असे विचारले की त्याच्या तोंडात लिमलेटची गोळी पडे. खिडकीची जागा धाकट्याला, त्यामागची मोठ्याला आणि वर्तमानपत्रावर उजेड हवा म्हणून तिसरी वडिलांना, अशी वाटणी ठरलेली असे; तिने पाहिलेला निसर्ग बहुतांशी या तिघांच्या डोक्यांमधून दिसलेला आहे. छत्तीस छायाचित्रांच्या रोलमध्ये ती जिथे जिथे आहे तिथे खांद्याला पिशवी आहे, डोळे अर्धवट मिटलेले आहेत आणि तोंड उघडे आहे, कारण त्या क्षणी ती कोणाला तरी कड्यापासून मागे सरकायला सांगत असते.

घरबसल्या करमणुकीनेही फारसा फरक पडला नाही. १९७२ साली मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यानंतर तिने पाहिलेले चित्रपट कुकरच्या शिट्ट्यांनी संपादित केलेले असत, आणि १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागले तेव्हा इतरांनी आंघोळी उरकल्या, तिने स्वयंपाक.

आजची पिशवीधारिणी वरकरणी ओळखू येत नाही, कारण तिची पिशवी फोनमध्ये गेली आहे. हॉटेलांची परीक्षणे वाचणे, आरक्षणे करणे, सर्वांची आधार कार्डे एका ठिकाणी ठेवणे आणि ‘काय ते तूच ठरव’ असे म्हणून मोकळ्या झालेल्या पतीला नंतर ते ठरलेले का आवडले नाही हे ऐकून घेणे, ही तिची कर्तव्ये होत. नाश्ता भाड्यात धरलेला असूनही तिच्या सामानात चिवडा आणि मेतकूट निघतेच. पूर्वी पिशवी धरणारा हात आता सेल्फीसाठी लांब होतो, त्यामुळे छायाचित्रात प्रथमच ती सर्वांत मोठी दिसते, आणि नेमकी याच गोष्टीबद्दल तिची तक्रार असते.

याच जातीची एक नवी शाखा कुटुंबालाच घरी ठेवून फक्त महिलांच्या सहलीला जाते. २०२१ च्या ‘झिम्मा’ या चित्रपटाने अशा सहलीला पडद्यावर आणले, आणि मार्च २०२३ पासून एसटीने महिलांना भाड्यात निम्मी सवलत दिल्यामुळे, जिने आयुष्यभर मुलांचे अर्धे तिकीट मागितले तिलाच आता वाहक न मागता अर्धे तिकीट देतो. निघण्यापूर्वी ती फ्रिजवर एक चिठ्ठी चिकटवते. तीत विरजण, गॅसचा खटका आणि दूधवाला यांविषयी इतक्या सूचना असतात की लहानसहान संस्थेची घटना तिच्यापुढे त्रोटक वाटावी. सहलीच्या बसमध्ये जागा रोज बदलण्याची पद्धत असली, तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी खिडकी तिच्या वाट्याला येतेच. ती काच सरकवते, पदर किंवा ओढणी सावरते, बाहेरच्या डोंगराकडे एकदा नीट पाहून घेते आणि चौथ्या किलोमीटरला, मांडीवरच्या पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळून, गाढ झोपी जाते.