मोज्यांचं मोजमाप

मोजे विणायचं यंत्र घरी का घ्यावं, याचं खरं उत्तर एकच आहे आणि ते कुणी देत नाही: मिरवायला. पैसे वाचतात, घरबसल्या उत्पन्न होतं, रिकाम्या हाताला काम मिळतं, ही उत्तरं घरच्यांच्या तोंडावर फेकायची असतात. माझं म्हणणं असं की मिरवण्याची हौस झाकून खरेदीला निघालं की हमखास चुकीचं यंत्र गळ्यात पडतं. ती उघड मान्य केली तर निवड सोपी होते. माझी स्वतःची हौस तर फारच संशयास्पद आहे. विणकामाच्या दोन सुया चारचौघांत हातात धरायला मला लाज वाटते. त्याच विणकामाला हँडल, वंगण, लोंबती वजनं आणि 72 सुयांचं पोलादी नळकांडं जोडलं, की ते तंत्रज्ञान होतं आणि मी बाह्या सरसावतो.

आधी काटकसरवाल्यांचा समाचार घेऊ. लोकलच्या डब्यात शंभराला तीन जोड अशी आरोळी येते. धातूचं हातयंत्र नवं मागवलं, तर जहाजभाडं आणि सीमाशुल्क धरून आकडा लाखापलीकडे जातो. लाखच धरा. तेवढ्यात लोकलमधले 3000 जोड येतात आणि वर्षाला सहा जोड फाडणाऱ्या माणसाला ते 500 वर्षं पुरतात. म्हणजे पानिपतच्या पहिल्या लढाईच्या सुमारास, 1526 मध्ये यंत्र घेतलं असतं, तर आता कुठे पैसे वसूल झाले असते. तेही शक्य नव्हतं, कारण विल्यम ली या इंग्रज पाद्र्याने मोजे विणायची पहिली यांत्रिक चौकटच मुळी 1589 मध्ये बनवली. शिवाय या हिशेबात लोकर फुकट धरली आहे. एका जोडीला शंभरेक ग्रॅम सूत लागतं, आणि मोज्यांच्या चांगल्या सुताच्या तेवढ्या गुंड्याची किंमत लोकलमधल्या कित्येक जोडांना भारी पडते. थोडक्यात, यंत्र जितकं जास्त चालवाल तितका तोटा वाढेल. एवढं कळूनही काटकसरीचा हट्ट सुटला नाही, तर माणूस प्लॅस्टिकचं 48 सुयांचं खेळण्यातलं यंत्र घेतो. हँडल फिरवलं की त्यातून नळी बाहेर येते. कानटोपीला ती उत्तम. पण पाय घोट्यापाशी वळतो, ही गोष्ट त्या यंत्राच्या कानावर अजून कुणी घातलेली नाही.

आता टाचेविषयी थोडं सविस्तर बोलू द्या, कारण मोज्यात पाहण्यासारखं तेवढंच असतं. पायाची नळी विणताना हँडल एकाच दिशेने गरागरा फिरतं. ते काम शेजारचं पोरही करेल. टाच आली की 72 पैकी एका बाजूच्या 36 सुया वर उचलून कामातून बाहेर काढायच्या आणि उरलेल्या निम्म्यांवर हँडल पुढे-मागे, पुढे-मागे न्यायचं. दर फेरीला कडेची एकेक सुई वर. मधल्या डझनभर उरल्या की उलटा प्रवास: वर गेलेली एकेक सुई परत खाली. एवढ्या सगळ्यात टाचेच्या कापडाला वजन लटकत राहायला हवं आणि ते सारखं वर सरकवायला हवं. वजन ढिलं पडलं की टाके सुयांवरून टपाटप उड्या मारतात. दिशा बदलताना सुटणारा सैल धागा ओढून धरायला वर एक स्प्रिंग असते. ती रुसली की संपलं. हे सगळं जमलं म्हणजे सपाट विणकामातून एक वाटी तयार होते, शिवण न घालता. हे नुसतं माझं वेड नाही. 1811-12 मध्ये इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमशायरचे विणकर मोज्यांच्या चौकटी फोडत सुटले, त्यांना आपण यंत्रांचे शत्रू म्हणून ओळखतो. पण त्यांची पोटं चौकटींवरच भरत होती. मजुरी घसरली होतीच. त्यात मालक रुंद कापड विणून, ते कापून-शिवून आकार नसलेले मोजे बाजारात ढकलत होते आणि धंद्याची अब्रू घालवत होते. चौकट फोडणाऱ्याला फाशी देणारा कायदा आला, तेव्हा लॉर्ड्सच्या सभागृहात कवी बायरनने आपलं पहिलं भाषण या माणसांच्या बाजूने केलं. कवीने मोज्यांसाठी तोंड उघडावं, याहून टाचेची थोरवी ती काय!

दुसरा आक्षेप उत्पन्नाचा, आणि इथे माझं हसू जरा आटतं. 1920 च्या आसपास अमेरिकेत बफलो शहरातली ऑटो निटर ही कंपनी गृहिणींना अशीच यंत्रं विकायची: यंत्र विकत घ्या, घरी मोजे विणा, विणलेले मोजे आम्ही परत घेऊ. ही भाषा आपल्याला पाठ आहे. विजेच्या खांबावर, रिक्षाच्या पाठीवर, वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत ती पापडाच्या, अगरबत्तीच्या, द्रोण-पत्रावळीच्या यंत्रासाठी आजही चालते: कच्चा माल आमचा, मेहनत तुमची, पक्का माल आम्ही उचलू. असल्या सौद्यात यंत्राचे पैसे आधी जातात आणि मालाची प्रत विकणाराच ठरवतो. टाका ढिला आहे, रंग बसला नाही, पुढच्या महिन्यात या. जिला नवऱ्यापुढे हात न पसरता चार पैसे हवे होते, तिच्या त्या इच्छेलाच गिऱ्हाईक केलेलं असतं. मिरवण्यासाठी यंत्र घेणारा निदान स्वतःलाच फसवतो.

तिसरा आक्षेप पट्टीच्या विणणाऱ्यांचा: हाताने विणलेलंच खरं. कबूल. पण त्या विणणाऱ्यांना आपण काय दिलं? घरातल्या बाईने पाच सुयांवर टाच वळवली तर तो तिचा विरंगुळा, आणि मी हँडल फिरवलं तर ते कौशल्य, असा हा न्याय आहे. माझ्या सगळ्या ऐटीचा पाया या अन्यायावर रचलेला आहे, हे मला कळतं. ऐट काही कमी होत नाही. उलट आपल्याकडे तिला विशेष वाव आहे. काही देशांत म्हणे मोजा बुटात दडून राहतो. आपल्याकडे चपला-बूट दाराशीच काढायचे असल्याने प्रत्येक पाहुणा यजमानासमोर मोज्यांनिशी हजर होतो, अंगठ्याच्या भोकासकट. मोज्यांना इतका प्रेक्षकवर्ग दुसरीकडे शोधावा लागेल.

तर मिरवायचंच ठरलं, की निवड अशी: धातूचंच यंत्र, पुढे-मागे चालणारं. बारीक सुताला 72 सुयांचं नळकांडं, जाड्याला 60 किंवा 54 चं. उलट टाक्यांसाठी वरची चकती असलेलंच घ्यावं, नाहीतर काठाला ताण येत नाही आणि मोजा मिरवण्याआधीच घोट्याशी लोळण घेतो. शंभर वर्षांपूर्वीचं जुनं यंत्र स्वस्तात मिळालं तरी एका बनावटीचं नळकांडं दुसरीला बसेलच असं नाही, आणि वाकलेल्या सुया बदलाव्याच लागतात. जादा सुया आधीच मागवून ठेवाव्यात. शेवटची गोष्ट टेबलाची. यंत्र शिकंज्याने आवळायला जाड, न डगमगणारी आणि पुढे आलेली कड लागते. काचेचं टेबल बाद. आमच्या घरात असं टेबल एकच आहे, त्यावर इस्त्रीचे कपडे असतात, आणि त्यांना तिथून हलवण्याइतका जोरदार युक्तिवाद वरच्या एकाही परिच्छेदात नाही.