मिशीतला फुगा

हिंगोलीत बोर्डावरचा माणूस आणि प्रत्यक्षातला माणूस यांच्यात पंधरा-वीस वर्षांचं अंतर असतं, आणि ते डिझायनरनं मोठ्या मेहनतीनं राखलेलं असतं. कोरल ड्रॉ आणि फोटोशॉप उघडून तो साहेबांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसतो, केस काळे करतो, मिशीला धार लावतो. प्रिंट झकास निघते. मग तिच्यावर लॅमिनेशन चढतं आणि साहेबांच्या नेमक्या मिशीत फुगा येतो.

गालावर येत नाही, मागच्या फिकट आभाळात येत नाही, मिशीतच येतो. कार्यकर्त्यांना यात विरोधी गटाचा हात दिसतो. वास्तविक यात राजकारण काही नाही. मिशी काळीकुळकुळीत असते, म्हणजे तिथं शाईचा थर सगळ्यात जाड असतो. जाड थर सगळ्यात उशिरा वाळतो. चेहरा वाळला म्हणून मिशी वाळली असं होत नाही.

हे दुखणं व्हिनाइलचं आहे, फ्लेक्सचं नाही. चौकात दोऱ्यांनी ताणलेल्या फ्लेक्सला कुणी लॅमिनेशन करत बसत नाही. तो आठ दिवस फडफडतो आणि मग कुणाच्या तरी सोयाबीनच्या सुडीवर पुढचा जन्म काढतो. पावसाळा सरताना सेनगाव-कळमनुरीकडं निघालं की शिवाराशिवारात भावी आमदार उताणे पडून धान्य राखताना दिसतात. (काहींची जनसेवा तेवढीच, पण ती खरी.) व्हिनाइलची गोष्ट वेगळी. ते टिकायचं म्हणून करतात: दुकानाची पाटी, दवाखान्याचं दरपत्रक, शाळेच्या गाडीवरचं नाव, ग्रामपंचायतीतली नागरिकांची सनद. ते सनबोर्डावर चिकटवतात, आणि ऊन, पाऊस व येणाऱ्या-जाणाऱ्यांची नखं यांपासून वाचावं म्हणून त्यावर पारदर्शक फिल्मचं पांघरूण घालतात. या पांघरुणाखाली हवा राहिली की झाला फुगा.

इको-सॉल्व्हंट शाईची प्रिंट मशीनमधून बाहेर येते तेव्हा बोटाला कोरडी लागते, आणि सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. वरून कोरडी असली तरी शाईतलं द्रावण आत व्हिनाइलमध्ये मुरलेलं असतं. ते हळूहळू वाफ होऊन बाहेर पडतं. त्याला किमान एक दिवस द्यावा, गडद रंग असेल तर दोन, आणि पावसाळी दमट हवेत घाई तर मुळीच करू नये, हे जाणकारांचं सांगणं. प्रिंट गुंडाळून कोपऱ्यात उभी करूनही चालत नाही. पापडासारखी मोकळी पसरून ठेवावी लागते, म्हणजे वाफेला वाट मिळते. त्याआधी फिल्म चढवली तर वाफ आतच कोंडते, गोंद मऊ पडतो, कडा वळतात आणि संध्याकाळी गुळगुळीत दिसणारा बोर्ड सकाळी पुरळ उठल्यासारखा दिसतो.

पण हे गिऱ्हाईकाला सांगणार कोण? गिऱ्हाईक पाच वाजता येतं.

"भाऊ, सहाला पाहिजे बरं का. साहेब निघालेत तिकडून."

"शाई वाळू द्यावी लागते ना दादा. उद्या देतो."

"काऊन? फॅन लावा की! दोन फॅन लावा!"

मालक 'नाही' म्हणत नाही, कारण तो 'नाही' म्हणाला की समोरचा दुकानदार 'हो' म्हणायला तयारच असतो. मग दोन पंखे लागतात. पंख्यानं शाई थोडी सुकते आणि दुकानातली सगळी धूळ मात्र नेमानं प्रिंटवर येऊन बसते. हळदीच्या हंगामात ती धूळ पिवळी असते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या धुळीलाही लागू आहे का, हे कुणी तपासलेलं नाही.

आता याच जिल्ह्यातली दुसरी बाजू बघा. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रानं तिला २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, आणि त्यांच्या आत हवा म्हणून नको. अमेरिकेत अशा नळ्या आधीच आहेत. तिथली हवा उपसायला चाळीस दिवस लागले. शिवाय पोलादात दडलेला वायू निघावा म्हणून त्या नळ्या महिनाभर दीडशे अंशांच्या वर तापवून ठेवल्या. म्हणजे धातूनं पोटातला वायू सोडावा म्हणून शास्त्रज्ञ महिना-महिना हातावर हात ठेवून बसले. आणि इथं पंचवीस किलोमीटरच्या आत आमच्या माणसाला मिशी वाळेपर्यंत दम धरवत नाही.

एरवी लॅमिनेशन बघण्यासारखी गोष्ट आहे. चांगला कारागीर आधी पंखा बंद करतो. मऊ कापडानं प्रिंट एकाच दिशेनं पुसतो. रोलरच्या दोन्ही टोकांना कागदाची एकेक पट्टी अडकवून ओढून बघतो. दोन्ही सारख्याच जोरानं निसटल्या तर दाब सारखा. एक सैल आणि एक घट्ट असेल तर सैल बाजूला हवा राहणार, हे ठरलेलं. मग फिल्मच्या पाठीचा कागद चार बोटं सोलतो, तेवढीच कड प्रिंटवर बसवतो, रोलरच्या तोंडाशी देतो आणि हँडल फिरवू लागतो. कागद मागं सुटत जातो, फिल्म पुढं बसत जाते. या वेळी तो फिल्म ओढत नाही, नुसती हातावर तोलून धरतो. ओढली तर ती ताणून चिकटते आणि पुढं आपल्या मूळ मापावर यायला बघते, मग बोर्डाच्या कडा उचलतात. सुरुवातीला अर्ध्या अंशाचा तिरकेपणा राहिला तर दहा फुटांवर तो एक इंच होतो आणि बाजूनं चुणी पडते. नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढ्याचं अख्खं देऊळ फिरलं, अशी आख्यायिका आहे. तिरकी गेलेली फिल्म मात्र कुणासाठी फिरत नाही.

काम चालू असताना दुकानात कुणी बोलत नाही. मोटारीवर चालणारं मशीन असेल तर सगळे मनातल्या मनात महावितरणचा जप करतात, कारण मध्येच लाईट गेली की रोलर जिथं थांबला तिथं आडवी रेघ उमटते. हँडलच्या मशीनला ही भीती नसते. रात्री दुकान वाढवताना वरचा रोलर उचलून ठेवायचा असतो. दाबून ठेवला तर त्याच्या रबराला चपटी कड पडते आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक फेऱ्याला एक पट्टा फुकट मिळतो.

एवढं करूनही फुगे येतातच, फक्त त्यांच्या जाती वेगळ्या. मधोमध ठिपका दिसला तर तो धुळीच्या कणाचा तंबू. तो काही केल्या बसत नाही. गडद रंगावर रुपेरी धुकं दिसलं तर ते दाब कमी पडल्याचं. थोडी ऊब दिली किंवा दिवसभर सोडून दिलं तर ते बरंचसं आपोआप विरतं. चिकटवताना अडकलेल्या हवेच्या फुग्याला बारीक सुई त्याच्या कडेला तिरपी टोचायची आणि बोटानं हवा छिद्राकडं ढकलायची. मधोमध टोचणारे लोक नुसतं भोक वाढवतात. कोंडलेल्या वाफेचा फुगा मात्र टोचला की शहाण्यासारखा बसतो आणि उद्या शेजारी पुन्हा उगवतो. मिशीतला फुगा याच जातीचा.

अनंत चतुर्दशीला चिंतामणी गणपतीच्या नवसाच्या मोदकासाठी हिंगोलीत माणसांचा पूर लोटतो, आणि पुढं दसऱ्याला रामलीला मैदान भरतं. दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगणारा हा दसरा कधी अचानक आलेला नाही. तारीख कालनिर्णयवर वर्षभर आधी छापलेली असते. तरी बोर्डाची ऑर्डर अष्टमीच्या संध्याकाळीच येते. तेव्हा यंदा एवढं करा: ऑर्डर घटस्थापनेला द्या, आणि प्रिंट निघाल्यावर दोन दिवस त्या दुकानाकडं फिरकू नका. फोनही करू नका.