मुदखेडात महिला रग्बी संघ स्पर्धेसाठी तयार करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

प्रस्तुत मार्गदर्शन मुख्याध्यापक, क्रीडाशिक्षक, संस्थेचे सचिव, खेळाडूंचे चुलते आणि ‘पोरींना हे कामून शिकवायलेत?’ असं विचारणारे तमाम हितचिंतक यांच्यासाठी आहे. खेळाडूंनी ते वाचलं नाही तरी चालेल. त्यांच्या हातात चेंडू दिला की त्या पळू लागतात. तयारी लागते ती बाकीच्यांची, आणि तिला वेळही जास्त लागतो.

प्रथम खेळ चारचौघांत सांगता येईल इतका पाठ करावा. सेव्हन्स प्रकारात एका बाजूला 7 खेळाडू, 7-7 मिनिटांचे दोन डाव, मधे 2 मिनिटांची विश्रांती. मैदान मात्र पंधरा जणांच्या रग्बीइतकंच, 100 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद. चेंडू अंड्याच्या आकाराचा. तो हाताने पुढे फेकता येत नाही. मागे किंवा बाजूलाच द्यायचा आणि पळायचं पुढे. समोरच्यांची रेषा ओलांडून चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, 5 गुण. नुसती रेषा ओलांडून नाचू लागलात तर काही मिळत नाही. ट्रायनंतरची किक यशस्वी झाली तर आणखी 2 गुण. एवढं सांगून झालं की ‘म्हणजे आपली कबड्डीच की!’ असं कुणीतरी म्हणेल. वाद घालू नये. तो माणूस निम्मा आपल्या बाजूला आलेला असतो.

संस्थेच्या बैठकीत दोन मुद्दे हमखास निघतात. पहिला, निधी नाही. त्यावर सांगावं की सेव्हन्सचा जन्मच निधी नसल्यामुळे झाला. 1883 साली स्कॉटलंडमधल्या मेलरोझ गावच्या क्लबला पैशांची चणचण होती. पैसे उभे करायला एक स्पर्धा घ्यावी, आणि पंधरा-पंधरा जणांचे एवढे सामने एका दुपारी उरकणार नाहीत म्हणून संघ लहान करावेत, ही कल्पना नेड हेग नावाच्या खाटकाची. दुसरा मुद्दा, हा खेळ परदेशी. त्यावर कलकत्त्याचं उदाहरण द्यावं. तिथला रग्बी क्लब बंद पडला तेव्हा सभासदांनी बँकेतले शिल्लक चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्यांचा चषक घडवून 1878 मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेला दिला. त्याच्या मुठी नागाच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्याच चषकासाठी झुंजतात. आपले रुपये तिकडे गेले हे ऐकताच सचिव ताठ बसतात. ठराव तेवढ्यात मंजूर करून घ्यावा.

आता संघ. मुदखेड तालुक्यात रग्बीपटू शोधू नयेत, कबड्डीवाल्या मुली शोधाव्यात. त्यांनाही सातच जणी असण्याची सवय असते, धडकेची भीती नसते आणि आधीपासून फुटलेले गुडघे असतात. फक्त दोन सवयी मोडाव्या लागतात. पहिली, पकडल्यावर शिट्टी होईपर्यंत न सोडण्याची. रग्बीत समोरची खाली पडली की तिला लगेच सोडायचं असतं, आणि पडलेलीनेही चेंडू सोडायचा असतो. नाहीतर पेनल्टी. दुसरी सवय जागेची. मुलींच्या कबड्डीचं मैदान 12 मीटर बाय 8 मीटर. इथे सात जणींनी 70 मीटरची रुंदी राखायची, म्हणजे दरडोई दहा मीटर. त्यातली एक मागे राखणीला ठेवली की बाकीच्यांच्या वाट्याला आणखी जास्त. ‘तू तुझी बघ, मी माझी बघते’ या तत्त्वावर हे जमत नाही. सगळ्यांनी एका रेषेत, एकमेकींना ओरडून सांगत पुढे सरकावं लागतं. हे ओरडणं सरावाच्या पहिल्या आठवड्यात शिकवावं. मुलींना मोठ्यानं बोलू नको असं बालवाडीपासून शिकवलेलं असतं. ते पुसायला टॅकल, म्हणजे समोरचीला धरून पाडणं, शिकवण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

मैदानाचा प्रश्न सोपा आहे, कारण मैदान नसतं. शाळेच्या पटांगणात सोमवारी मंडप असतो, मंगळवारी तो काढत असतात आणि बुधवारपासून तिथे क्रिकेटवाल्यांचा वडिलोपार्जित हक्क सुरू होतो. उत्तम राखलेली मैदानं गावाला लागूनच, केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या प्रशिक्षण महाविद्यालयात आहेत. ती बाहेरून बघून प्रेरणा घ्यावी. उरली काळी माती. पावसाळ्यात ती बुटाला शेर-शेर चिकटते आणि उन्हाळ्यात तिला पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात. म्हणून सरावाआधी सगळ्यांनी मैदानभर चालत जाऊन दगड वेचावेत आणि भेगा बुजवाव्यात. याला अंग गरम करणे म्हणतात.

वेळेचं गणित मात्र अवघड. हा फुलांचा तालुका. मोगरा, काकडा आणि गुलाब बाजार गाठायचा तर तोडणी उजाडायच्या सुमारास होते, आणि तोडायला घरातल्या बाया-पोरीच असतात. म्हणजे जगभरचे संघ ज्या वेळी सराव करतात त्या वेळी आपली निम्मी फळी वाकून फुलं तोडत असते. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत घरी, हा दुसरा नियम. शाळा वगळता मधे उरतो तास-सव्वा तास. तो भाषणात घालवू नये.

साहित्य. टॅकलचा सराव करायला जाड पिशव्या लागतात. खताच्या रिकाम्या पोत्यात सोयाबीनचं भुसकट गच्च भरून तोंड शिवावं, झाली पिशवी. दातांचं कवच मात्र विकतच आणावं. ते गरम पाण्यात मऊ करून दातांखाली दाबलं की ज्याच्या त्याच्या मापाचं होतं. मैदानात दागिना चालत नाही. बांगड्या, पैंजण, कानातलं, चमकी, सगळं काढून डब्यात ठेवावं आणि डबा सांभाळायला जबाबदार माणूस नेमावा, कारण एक रिंग हरवली तर अख्खा संघ बाद होतो, नियमाने नव्हे तर आईकडून. कपड्यांबाबत संस्थेचा आग्रह पांढऱ्या रंगाचा असेल. नम्रपणे नकार द्यावा. आयर्लंडच्या महिला संघाने पाळीच्या दिवसांतली धास्ती नको म्हणून 2023 पासून पांढऱ्या शॉर्ट्स बदलून गडद निळ्या घेतल्या. आयर्लंडला जे कळलं ते मुदखेडला कळायला हरकत नाही. शॉर्ट्सखाली लेगिंग्ज घालता येतात, हे चुलत्यांना वेगळं सांगावं.

सराव चालू झाला की कुंपणाच्या भिंतीवर मोटारसायकलवाले तरुण येऊन बसतात आणि सल्ले देतात. त्यांना हाकलू नये. मानानं आत बोलवावं, एकेकाच्या हातात भुसकटाचं पोतं द्यावं आणि घट्ट धरायला सांगावं. मग संघातल्या सर्वांत शांत मुलीला दहा पावलं मागे पाठवावं. दुसऱ्या दिवशी भिंत मोकळी असते.

इथे विनोद बाजूला ठेवावा लागतो. टॅकल खांद्याच्या खालीच आणि दोन्ही हातांनी कवेत घेऊन करायचा. आपलं डोकं समोरचीच्या अंगाच्या मागच्या बाजूला ठेवायचं, तिच्या वाटेत नाही. पडायचं कसं हे आधी गुडघ्यांवर बसून, मग चालत, मग पळत शिकवावं. मानेचे व्यायाम रोज घ्यावेत. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी त्या मुलीला बाहेर काढावं आणि त्या दिवशी पुन्हा उतरवू नये, सामना अंतिम असला आणि ती ‘मी बरी आहे सर’ म्हणत असली तरी. मग डॉक्टरांकडे न्यावं. हळदीचा लेप हा डोक्याच्या आतल्या इजेवरचा उपाय नाही.

आहाराचं फार मनावर घेऊ नये. भाकरी, वरण, शेंगदाणे, जमेल त्या घरी अंडी, आणि शेजारच्या अर्धापूरची केळी. परदेशी खेळाडू दोन सामन्यांच्या मधे केळीच खातात. फक्त आपल्याला ती लांबून आणावी लागत नाहीत, एवढाच आपला फायदा. स्पर्धेत एका दिवसात दोन-तीन सामने असतात आणि मधे काही तासांची गॅप. चौदा मिनिटं जीव तोडून पळायचं, मग बसून राहायचं, मग पुन्हा पळायचं, याचा सराव मुद्दाम करावा लागतो. बसून राहण्याच्या वेळात कुणी दानशूर गृहस्थ श्रीखंड-पुरीचं जेवण घालायला आले तर त्यांना सामन्यांनंतरची वेळ द्यावी.

शेवटच्या आठवड्यात पळणं कमी करावं, झोप वाढवावी. नेमका याच आठवड्यात गावाला संघाचा शोध लागतो. शुभेच्छा समारंभ, शाल, नारळ, फोटो. मुली तीन तास उन्हात उभ्या आणि पाहुणे रस्त्यात. हा कार्यक्रम परतल्यावर ठेवावा. हरून आल्यास तो आपोआप रद्द होतो आणि खर्च वाचतो.

‘याचा पुढे उपयोग काय?’ हा प्रश्न शेवटी येतोच. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, हे आधी सांगावं, कारण बाकीचं त्यानंतरच ऐकलं जातं. मग सांगावं की सेव्हन्स 2016 पासून ऑलिंपिकमध्ये आहे. भारताच्या महिलांनी पंधरा जणींच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय सामना 2018 साली सिंगापूरला खेळला, तेव्हा कर्णधार होती पुण्याची वाहबिझ भरुचा, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. पुढच्याच वर्षी मनिलात त्यांनी सिंगापूरला 21-19 असं हरवलं, तो त्यांचा पहिला विजय. निर्णायक पेनल्टी मारणारी सुमित्रा नायक ओडिशातल्या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेतून आलेली. ती शाळाही एके काळी रग्बीसाठी प्रसिद्ध नव्हती.

एवढं ऐकूनही चुलते ‘बघू’ म्हणतील. बघू द्यावं. दरम्यान आधार कार्ड, जन्माचा दाखला आणि बोनाफाईड यांच्या झेरॉक्स काढून फाईल लावावी. नांदेडहून पुढच्या गाडीची तिकिटं आधी काढावीत, सणासुदीला मिळत नाहीत. आणि पालकांच्या संमतीपत्रावर आईची सही चालते.