पेटीचा सूर

रत्नागिरीत पेटी म्हटलं की दोनच अर्थ. मार्च ते मे आंब्याची, उरलेले नऊ महिने गाण्याची. गेल्या आठवड्यात आमच्या आळीतल्या काकांकडे तिसरी पेटी आली. आत मखमल, मखमलीवर तार. वीण चंदेरी, जाडी धामणीएवढी, दोन्ही टोकांना सोन्याचा मुलामा. किंमत काकांनी सांगितली नाही, काकूंनी सांगितली. तेवढ्यात घराची कौलं परतून झाली असती.

तार इथरनेटची. राउटरपासून गाणं वाजवणाऱ्या यंत्रापर्यंत जाते ती. काका नाट्यसंगीताचे दर्दी. निवृत्तीनंतर हौसेने ते यंत्र, म्हणजे स्ट्रीमर, घेतलं आणि पुण्याच्या भाच्याने कान फुंकले, "मामा, साध्या तारेत सूर मळतो."

तारेची गरज नव्हती असं नाही. घर जुनं, भिंती फूटभर जाडीच्या चिऱ्याच्या. ओटीवरचं वायफाय माजघरात पोचेपर्यंत धापा टाकतं. तेव्हा तार ओढली हे शहाणपणच. शहाणपण संपलं ते पेटी उघडली तिथे.

मुंबईच्या चाकरमान्याची मनीऑर्डर आठवा. लेकाने शंभर पाठवले की आईच्या हातात शंभरच पडायचे. पोस्टमनची सायकल गंजकी असो की चांदीची, त्याचे एकशे दहा कधी झाले नाहीत. आईने अंगठा उठवला की पोचपावती उलट मुंबईला. या तारेतून येणाऱ्या गाण्याचा कारभार हाच. गाण्याचे आकडे होतात, आकड्यांची पाकिटं होतात, पाकिटावर क्रमांक पडतो आणि आतल्या मालाचा ताळाही लिहिलेला असतो. पोचल्यावर ताळा जुळला नाही तर पाकीट केरात, आणि त्याच क्रमांकाचं दुसरं मागवलं जातं. यंत्राने पुढचं थोडं गाणं आधीच गाठीला मारून ठेवलेलं असतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला या धावपळीचा पत्ताही नसतो. म्हणून तारेच्या जाती दोनच: चालणारी आणि न चालणारी. न चालणारीतून गाणं बेसूर होत नाही, अडकतं. 'उजळ षड्ज' आणि 'मखमली मध्यम' आणणारी तार ही एकशे दहा आणणाऱ्या पोस्टमनइतकीच खरी.

आता थोडे आकडे. सीडीच्या दर्जाच्या गाण्याला सेकंदाला 14 लाख 11 हजार बिट लागतात. अगदी उंची, 24 बिट आणि 192 किलोहर्ट्झचं ध्वनिमुद्रण न दाबता पाठवलं तरी 92 लाख. बाजारातली साधी कॅट फाइव्ह-ई तार 100 मीटरपर्यंत सेकंदाला 100 कोटी नेते. काकांची तार कॅट एट. ती डेटा सेंटरांसाठी जन्माला आलेली, 30 मीटरच्या आत 4000 कोटी बिट वाहणारी. दोन पेट्या आंब्यांसाठी कोकण रेल्वेची अख्खी मालगाडी.

आणि मालगाडीतून येतं काय? भोंग्यात तोंड घालून गायलेल्या काळातल्या, बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या! विजेवरचं ध्वनिमुद्रण 1925 साली आलं. त्याआधीच्या भोंग्याला सुमारे अडीच हजार हर्ट्झच्या पलीकडचं फारसं काही पकडताच येत नसे. गाणं तीन-सव्वातीन मिनिटांचं आणि त्याच्या सोबतीला खरखर. ती खरखर आता चांदीतून येते.

तारेवर बाण आहे. बाणाच्या दिशेनेच लावायची म्हणे. हे खूळ नवं नाही. 2008 साली डेनॉन या जपानी कंपनीने दीड मीटरची अशीच तार 499 डॉलरला काढली होती, बाणासकट. जगभर हसू झालं. गिगाबिट इथरनेटमध्ये चारही जोड्यांतून एकाच वेळी दोन्हीकडे वाहतूक चालते. बाण खरा असता तर पोचपावती परत गेली नसती, आणि भैरवी राहू दे, नांदीसुद्धा सुरू झाली नसती.

मुळात गंमत नावातच आहे. 1973 साली अमेरिकेत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफने या जाळ्याचं बारसं केलं ते 'ईथर'वरून. ईथर म्हणजे प्रकाश ज्यातून वाहतो असं मानलं जाई ते सर्वव्यापी द्रव्य. मायकेलसन आणि मोर्ले यांनी 1887 साली ते शोधायला प्रयोग मांडला आणि त्यांना काहीच सापडलं नाही. नसलेल्या वस्तूचं नाव लावलेल्या तारेत नसलेला सूर ऐकू आला, तर काकांना दोष का द्यावा?

तारेचं मर्म विचारायचं तर केबल ओढणाऱ्या पोराला विचारावं. आमच्याकडे आला होता, तो तार पंचवीस-तीस रुपये मीटरने लावतो. त्याने टोक सोललं. आत आठ वायरी, दोन-दोनच्या पिळलेल्या चार जोड्या. सगळी करामत या पिळाची. बाहेरचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही वायरींवर सारखाच चढतो, पलीकडचं यंत्र दोघींतला फरक तेवढा वाचतं, गोंगाट आपसूक वजा. ग्राहम बेलने 1881 साली या युक्तीचं पेटंट घेतलं. सुंभ वळणाऱ्या कोकणाला पिळाची थोरवी वेगळी सांगायला नको.

पोरगा स्तोत्र म्हटल्यासारखा पुटपुटत होता, "नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी." आठही वायरी चिमटीत सरळ करून कापल्या, क्लिपमध्ये सारल्या, पक्कड दाबली. "पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडायचा नाही," तो म्हणाला. मग कापलेला तुकडा ब्लेडने खरवडून दाखवला. आतपर्यंत लाल, म्हणजे तांबं. पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. चार वेळा वाकवली की तुटते. पाच मिनिटांत सगळा वर्ग संपला, फी शून्य.

काकांच्या तारेला जाळीचं कवचही आहे. कवचाचा उपयोग नीट अर्थिंग असेल तर. नसेल तर तो दागिना. आणि कधीकधी त्याच कवचावरून दोन यंत्रांच्या अर्थिंगची गाठ पडते आणि आधी नसलेली घूं-घूं सुरू होते. साध्या तारेत ही भानगड नाही, कारण इथरनेटच्या खाचेतच इवलासा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो, तो दोन्हीकडच्या विजेला सोवळ्यात ठेवतो.

रत्नागिरीत तारेचे वैरी निराळेच. मे अखेरची वीज, खारा वारा, माळ्यावरचे उंदीर आणि वानर. वानर तारेचा ब्रँड बघत नाहीत, झोका घेतात. अंगणातून मांगरापर्यंत तांब्याची तार नेली की कडकडाटाला यंत्रात यायचं आमंत्रणच. घराबाहेर न्यायची तर फायबर न्यावी. काचेतून वीज वाहत नाही. मखमली पेटीतल्या पुस्तिकेत वानरांविषयी चकार शब्द नाही.

परवा काकांकडे गेलो. तबकडी लागली होती. "ऐकलंस? स्वर कसा मोकळा झालाय!" मी मान डोलावली, चहा यायचा होता. कोपऱ्यात कुणीतरी भेट दिलेली आंब्याची पेटी होती, वर ठसठशीत 'रत्नागिरी हापूस'. 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी त्या नावाखाली काय काय खपतं ते आम्ही जाणतो. काकांनी एक फळ उचललं, डोळे मिटले, देठाशी नाक नेलं. "कर्नाटकचा." पेटीवरचं नाव त्यांनी वाचलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, "काका, तारेचंही असंच करू या. तुम्ही डोळे मिटा, मी तार बदलतो, तुम्ही ओळखा."

काका उखडले. "आंब्याचं वेगळं असतं रे! आंब्यात रस असतो!"

बोलून गेले आणि स्वतःच थबकले. गाणं संपलं होतं. मागे खरखर तेवढी उरली होती, अगदी स्वच्छ.